हयगयीने, अविचाराने आणि भरधाव वेगात

महाराष्ट्रातल्या कुठल्याही रस्त्यावर दोन वाहनं एकमेकांना भिडली की पहिलं न्यायालय तिथेच भरतं. ना कोर्ट फी, ना तारीख. न्यायाधीश पानटपरीवरून चालत येतात आणि तंबाखू मळता मळता दोन्ही बाजू ऐकून घेतात. कायदा एका ओळीचा आहे: ज्याचं वाहन मोठं, त्याची चूक. सायकल आणि स्कूटरमध्ये स्कूटर दोषी, स्कूटर आणि मोटारीत मोटार, मोटार आणि ट्रकमध्ये ट्रक. ट्रकची पाटी परराज्यातली असेल तर बाजू ऐकण्याचीही गरज पडत नाही. इंडिकेटरचे पाचशे, मडगार्डचे आठशे, 'पोराला लागलंय त्याचे वेगळे'. पंधरा मिनिटांत निकाल, वसुली आणि वर चहा.

या न्यायालयाचा दोष एवढाच की निकालाची प्रत मिळत नाही. हजार रुपये खिशात घालून घरी गेलेल्या माणसाचा गुडघा दुसऱ्या दिवशी भोपळ्याएवढा होतो, डॉक्टर फोटो काढून 'लिगामेंट' म्हणतात, आणि मग घरच्यांच्या लक्षात येतं की समोरच्या गाडीचा नंबर कुणीच लिहून घेतलेला नाही. नंबर नसला की गाडी कायद्याच्या दृष्टीने पळून गेलेली. पळून गेलेल्या गाडीच्या भरपाईचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो. तिथे १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार असा दर आहे. त्याआधी तो पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होता. साडेबारा हजारांतले वरचे पाचशे कुणी कशाचे धरले असतील, हा एक गहन प्रश्नच आहे.

नंबर मिळाला असेल तर पुढची पायरी पोलीस ठाणं. तिथे फिर्यादीची भाषा आधीच ठरलेली असते. '...आपले ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याचे परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगात चालवून...' हे वाक्य गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत कानामात्रेचा फरक न होता चालतं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत धापा टाकणारा ट्रॅक्टर असो की द्रुतगती मार्गावरची परदेशी मोटार, फिर्यादीत दोघंही भरधावच असतात. फिर्यादी धडकेनंतर दोन दिवस बेशुद्ध होता, समोरच्या गाडीचा रंगही त्याला सांगता येत नाही. पण चालकाचा अविचार त्याने डोळ्यांनी नीट पाहिलेला असतो.

हसण्यासारखं आहे, पण हेच वाक्य पुढे कामाला येतं. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. भरपाईच्या दाव्यात मात्र कोणती बाजू जास्त शक्य वाटते एवढं पाहतात, आणि ते पाहायला हाताशी असतात फक्त फिर्याद आणि घटनास्थळाचा पंचनामा. पंचनाम्याचे पंच म्हणजे त्या वेळी चहा प्यायला थांबलेले दोन इसम. 'पूर्वेस शेत, पश्चिमेस हॉटेल, मध्ये डांबरी रस्ता' अशी सुरुवात होते, मग साइडपट्टी, टायर घासल्याच्या खुणा, काचांचा सडा. चार-पाच वर्षांनी दोन अनुभवी वकील त्या काचा रस्त्याच्या डाव्या अंगाला पडल्या होत्या की उजव्या, यावर तास तास भांडतात. ज्याने त्या मोजल्या तो हवालदार तोवर निवृत्त होऊन गावी गेलेला असतो.

२०२२ च्या केंद्रीय नियमांनी हे सगळं घड्याळाला बांधलं आहे. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत, आणि दोन्ही थेट न्यायाधिकरणाकडे. नियम उत्तम आहे. फक्त तो ज्यांनी पाळायचा त्यांच्या वाट्याला त्याच ९० दिवसांत गणपती, निवडणूक आणि मंत्र्यांचे दौरेही येतात.

न्यायाधिकरण म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. वकील त्याला एमएसीटी म्हणतात, पक्षकार 'क्लेमचं कोर्ट'. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली इथे अर्ज करायचा. अपघात नगरजवळ झाला आणि अर्जदार राहतो डोंबिवलीत, तर त्याने नगरला खेटे घालण्याची गरज नाही. आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो. कायद्याने सामान्य माणसाचा विचार केल्याची जी मोजकी ठिकाणं आहेत, त्यातलं हे एक.

मुदतीच्या बाबतीत मात्र कायद्याला एका जागी बसवत नाही. १९८८ मध्ये सहा महिने, फार तर कारण दाखवून बारा. १९९४ मध्ये मुदतच काढून टाकली. पुढची अठ्ठावीस वर्षं लोक सवडीने दावे लावत राहिले, आणि एप्रिल २०२२ पासून पुन्हा सहा महिने. जखमी माणसाच्या सहा महिन्यांतले तीन प्लास्टरमध्ये जातात, दोन फिजिओथेरपीत आणि उरलेला एक 'कोर्टाची पायरी चढायची की नाही' यावर मामा, मेहुणे आणि शेजाऱ्यांच्या चर्चेत. या मुदतीला आव्हान मिळालं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की अंतिम निर्णय होईपर्यंत केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नका. त्यामुळे सध्या मुदत आहेही आणि नाहीही.

दाव्यात सामनेवाले सहसा तीन: चालक, मालक आणि विमा कंपनी. चालक नोटीस घेत नाही. मालक नोटीस घेतो आणि सांगतो, 'गाडी कधीच विकली.' हे बहुधा खरंच असतं. आपल्याकडे जुनी गाडी विकणं म्हणजे टीटी फॉर्मवर सह्या करून, पैसे मोजून घेऊन, देवाला नारळ फोडणं. आरटीओत नाव बदलायला घेणारा जाईल, आज नाही तर उद्या. तो उद्या येण्याआधी गाडी आणखी दोन-तीन हातांतून फिरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच हातोहात विकल्या गेलेल्या एका गाडीच्या प्रकरणात साफ सांगितलं की आरसी बुकावर ज्याचं नाव, तोच मालक. आठ वर्षांपूर्वी विकलेल्या मारुतीचं समन्स दारात आलं, की गृहस्थ आधी गाडी आठवतात, मग गिऱ्हाईक, आणि शेवटी ज्याने 'नाव मी बदलून घेतो साहेब' म्हटलं होतं त्या एजंटाचा बंद पडलेला फोन.

खरा सामना विमा कंपनीशी. तिच्या कैफियतीत एक अढळ शिस्त असते. अपघात झालाच नाही. झाला असेल तर या वाहनाने झाला नाही. या वाहनाने झाला असेल तर या चालकाची चूक नव्हती. चूक असेल तर त्याच्याकडे वैध परवाना नव्हता. परवाना असेल तर त्या प्रकारच्या वाहनाचा नव्हता. शिवाय अर्जदाराचं वय, व्यवसाय, उत्पन्न, दुखापत, आणि सवयीने त्याचं नावही, 'मान्य व कबूल नाही; अर्जदाराने काटेकोरपणे सिद्ध करावे'. पायात सळई घालून समोर बसलेला माणूस आपल्याला अपघात झाल्याचं कसं सिद्ध करावं, या विचारात पडतो.

परवान्याच्या मुद्द्यावर तर पिढ्या खपल्या. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याने छोटा टेम्पो चालवला तर तो परवाना चालतो का? तीन न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये 'चालतो' म्हटलं. त्यावर शंका निघाली आणि प्रकरण पाच न्यायमूर्तींकडे गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनीही वाहनाचं वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर चालतो, असंच सांगितलं. टेम्पोवाले मधली सात वर्षं टेम्पो चालवतच होते.

टेम्पो म्हटला की वऱ्हाड आलंच. मालवाहू गाडीतला फुकट प्रवासी विम्यात बसत नाही. १९९४ पासून बसतो तो मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी. हा बदल संसदेने व्यापाऱ्यांसाठी केला, पण त्याचा अर्थ ग्रामीण महाराष्ट्राला अधिक लवकर कळला. तेव्हापासून उलटलेल्या टेम्पोत वऱ्हाडी कधी सापडतच नाहीत. जो तो बाजाराला निघालेला कांद्याचा नाहीतर कोथिंबिरीचा मालक. विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत विचारतो, 'कांदा विकायला निघताना सनई-चौघडा कशासाठी घेतला होता?' आणि साक्षीदार न्यायाधीशांकडे अशा नजरेने पाहतो, की जणू हा प्रश्नच कामकाजाबाहेरचा आहे.

विमा कंपन्यांचा युक्तिवाद कुठवर ताणतो याचा दाखला सातारा जिल्ह्यातला आहे, आणि तो हसत सांगण्यासारखा नाही. ऑक्टोबर १९८७ मध्ये पहाटे तीनच्या सुमाराला राष्ट्रीय महामार्ग चारवर एक पेट्रोल टँकर ट्रकला धडकून रस्त्याखाली जाऊन कलंडला. पेट्रोल गळू लागलं, आसपासची माणसं जमली, आणि चार तासांनी स्फोट झाला. अनेकांचा जीव गेला. एका मृताच्या आईने, चूक कुणाचीही असो, तातडीने मिळायला हवेत असे पंधरा हजार रुपये मागितले. त्यावर मालक आणि विमा कंपनीचं म्हणणं असं की आडवा पडलेला टँकर काही 'वापरात' नव्हता, त्यामुळे स्फोट मोटार वाहनाच्या वापरातून झालेला नाही. पंधरा हजारांचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की वाहन बंद पडलं, मोडलं किंवा आडवं झालं म्हणून त्याचा वापर संपत नाही.

आता हिशोब. क्लेमच्या कोर्टाची खरी मौज इथे आहे, कारण सामान्य माणसाच्या आयुष्याचा इतका बारीक हिशोब दुसरीकडे कुठेच होत नाही. १९९४ मध्ये संसदेने तो सोपा करायला कायद्याला एक तक्ता जोडला: वय शोधा, उत्पन्न शोधा, दोन्ही जिथे मिळतात तिथला आकडा उचला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा तक्ता हातात घेऊन गुणाकार करून पाहिला. वार्षिक उत्पन्न ३,००० आणि गुणक १५, म्हणजे ४५,००० व्हायला हवेत. तक्त्यात होते ६०,०००. पुढच्या ओळीत ९,००० गुणिले १६, म्हणजे १,४४,०००, तक्त्यात १,७१,०००. तक्ता अशा चुकांनी भरलेला आहे आणि डोळे झाकून वापरता येणार नाही, असं न्यायालयाने लिहून ठेवलं. दोन्ही सभागृहांनी संमत केलेलं आणि राजपत्रात छापलेलं हे गणित त्यानंतरही कायद्याच्या पुस्तकात नांदलं; तक्ता बदलला तो मे २०१८ मध्ये. चौथीतल्या मुलाने असे गुणाकार केले असते तर बाईंनी पालकांना बोलावून घेतलं असतं.

म्हणून मग न्यायालयाने स्वतःच पाटी-पेन्सिल घेतली. १९८८ मधल्या अपघाताचा 'सरला वर्मा' खटला २००९ मध्ये निकाली निघाला आणि त्याने वयानुसार गुणक ठरवून दिले: पंचविशीपर्यंत १८, मग उतरत उतरत सत्तरीला ५. २०१७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या 'प्रणय सेठी' निकालाने भविष्यातल्या पगारवाढीची टक्केवारी ठरवली. तेव्हापासून ही दोन नावं बाररूममध्ये घरच्या माणसांसारखी घेतली जातात. 'सरला वर्मा लावलीत का?' 'लावली, पण सेठी राहिला.' कोपऱ्यात बसलेल्या अर्जदाराला वाटतं, या बाई आपल्या बाजूने साक्षीला येणार आहेत.

समजा ३२ वर्षांचा, कायम नोकरीतला, महिना २५,००० पगाराचा माणूस. मागे पत्नी आणि दोन मुलं. चाळिशीच्या आतली कायम नोकरी, म्हणून पगारात ५० टक्के मिळवा: ३७,५००. तो हयात असता तर स्वतःवर काही खर्च केलाच असता, म्हणून एक तृतीयांश वजा करा: पुन्हा २५,०००. बारा महिन्यांचे तीन लाख, गुणक १६, एकूण अठ्ठेचाळीस लाख. हाच माणूस नोकरीऐवजी स्वतःचं गॅरेज चालवत असेल तर ५० ऐवजी ४० टक्के धरायचे, आणि सव्वातीन लाखांच्या जवळपास रक्कम गळते. धंदा करणाऱ्याची उमेद कायद्याने दहा टक्के कमी धरली आहे.

अविवाहिताच्या बाबतीत मात्र एक तृतीयांश नाही, थेट निम्मी रक्कम वजा होते. 'सरला वर्मा' निकालात याचं कारण दिलेलं आहे: अविवाहित माणूस स्वतःवर जास्त खर्च करतो, आणि शिवाय त्याचं लवकरच लग्न होण्याची शक्यता असते, मग आईवडिलांना आणि भावंडांना मिळणारे पैसे एकदम आटतात. महाराष्ट्रातल्या तमाम सासूबाई जे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या, ते अखेर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं.

उत्पन्न सिद्ध करताना दुसरी गंमत. बऱ्याच घरांत उत्पन्नाचे दोन आकडे असतात: एक आयकर खात्यासाठी, एक मुलीकडच्या मंडळींसाठी. क्लेमच्या कोर्टात दोघांची पहिल्यांदाच समोरासमोर गाठ पडते. विवरणपत्रात वर्षाला अडीच लाखांच्या आत गुण्यागोविंदाने राहणारा हार्डवेअरचा दुकानदार दाव्यात महिना ऐंशी हजार कमावत असतो. विमा कंपनीचा वकील फक्त विवरणपत्र वाचून दाखवतो आणि खाली बसतो. शेतकऱ्याची अडचण उलटी. त्याच्याकडे कागदच नसतो, आणि जमीन तर वारसांकडेच राहते. म्हणून न्यायालय पिकाचं उत्पन्न नव्हे, तर त्याच्या देखरेखीची किंमत धरतं. सातबारा सगळ्यांना दिसतो. रात्री दोनला वीज आल्यावर मोटार चालू करायला कोण जात होतं, त्याचा उतारा कुठलाच तलाठी देत नाही.

आणि गृहिणी? त्या जुन्या तक्त्यात ज्याला उत्पन्न नाही त्याचं वार्षिक उत्पन्न १५,००० धरलं होतं, आणि पत्नीचं कमावत्या नवऱ्याच्या एक तृतीयांश. म्हणजे एकाच आळीत, तितक्याच पोळ्या लाटणाऱ्या दोन बायकांपैकी जिचा नवरा इंजिनिअर, तिच्या पोळ्या महाग. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात दाखवून दिलं की जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रिया भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, बिनकामाच्या म्हणून मोजल्या गेल्या आहेत, आणि त्याबद्दल खडे बोलही सुनावले. जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारी पाहणीचे आकडे उद्‌धृत केले: बिनपगारी घरकामात बाई दिवसाला सुमारे २९९ मिनिटं घालवते, पुरुष ९७. अनेक घरांत या ९७ वर अजूनही अविश्वास आहे. पाहणीला आलेल्या माणसापुढे यांनी रिमोट शोधण्याची वेळही धरली असणार, असं एक मत ऐकू येतं.

जखमी माणसाचा हिशोब टक्क्यांत होतो. डॉक्टर पाय वाकवून, सरळ करून, कोनमापक लावून '४० टक्के' लिहून देतात आणि घरच्यांना वाटतं ४० टक्के पैसे. तसं नसतं. २०१० च्याच आणखी एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरण देऊन समजावलं आहे: डावा हात गेला, तर शारीरिक अपंगत्व ६० टक्के. पण माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. सरकारी कारकून असेल आणि नोकरी टिकली, तर कमाईचं नुकसान होईलच असं नाही. न्यायालयाने हे कायद्याचं तत्त्व म्हणून सांगितलं. सरकारी कचेरीत ज्यांनी हेलपाटे घातले आहेत, ते त्याकडे निरीक्षण म्हणून पाहतात.

साक्षीच्या दिवशी अर्जदार काठी घेऊन येतो. कोर्ट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तो जिना कसा चढला हा उलटतपासणीतला हमखास प्रश्न. चढून आला तर अपंगत्व खोटं, आणि नाही आला तर अर्ज गैरहजेरीत काढून टाकण्याची विनंती.

यावर उतारा म्हणजे लोकअदालत. तिथे कंपनीचा अधिकारी पंधरापासून सुरू करतो, अर्जदाराचा वकील चाळीसपासून, आणि दोघंही 'तुमच्यासाठी म्हणून' म्हणत सव्वीस-सत्तावीसला येऊन टेकतात. तडजोड झाली की तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. इतक्या वर्षांनी प्रकरण मिटल्याच्या आनंदात सही करणाऱ्याला पुढचा कागद मग दिसतो: बरीचशी रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. अशिलाला कुणी लुबाडू नये म्हणून हा नियम आहे. नातेवाईक घरी येऊन 'मिळाले का?' विचारतात तेव्हा 'मिळाले, पण २०३१ ला' असं उत्तर द्यावं लागतं, आणि बँकेत गेलं तर आधारावर आडनाव एक, हुकुमात दुसरं.

समोर चालक, मालक, कंपनी असं कुणीच नसेल तर? मोटारसायकल रात्री खड्ड्यात गेली, दुसरं वाहन नाही. खड्ड्याला नंबरप्लेट नसते, विमा नसतो, आणि आरसी बुकावर नावही नसतं. रस्ता महापालिकेचा की सार्वजनिक बांधकामचा यावर दोन्ही कचेऱ्या एकमेकांकडे बोट दाखवतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा खेळ आवरला: खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने जीव गेला तर वारसांना सहा लाख, जखमीला दुखापतीनुसार पन्नास हजार ते अडीच लाख, आणि ते रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेने द्यायचे. आता घटनास्थळाचा पंचनामा खड्ड्याचाही करावा लागेल. मात्र तो पंच येण्याआधी केला पाहिजे, कारण एरवी पावसाळाभर न येणारी डांबराची गाडी अशा दिवशी तासाभरात हजर होते.

एसटीची गोष्ट वेगळी. महामंडळाची वाहनं सहसा विमा कंपनीकडे नसतात. भरपाई महामंडळानेच आपल्या निधीतून द्यायची. ती वेळेत भरली गेली नाही की वसुलीच्या कामात जप्तीचा हुकूम निघतो आणि कोर्टाचा बेलीफ आगारात पोहोचतो. 'एसटी बस जप्त' ही बातमी महाराष्ट्रातल्या जिल्हा पानांना नवी नाही. बेलीफ फलाटावर लागलेली गाडी निवडतो, कारण तिचे टायर धड असण्याची शक्यता जास्त. आगारप्रमुख आधी वरिष्ठांना फोन लावतात, मग बेलीफसाठी चहा मागवतात. अर्जदाराचा वकील गाडीचा नंबर लिहून घेतो. आत पन्नासएक प्रवासी तिकीट काढून बसलेले. त्यांना पुढच्या गाडीत बसवायचं की पैसे परत द्यायचे, हे हुकुमात कुठेच लिहिलेलं नसल्यामुळे कंडक्टर घंटीची दोरी हातात धरून दोन्ही पक्षांकडे आळीपाळीने पाहत राहतो.